वाडीवरचे पवार

“पवार म्हंजे कुठले पवार गो? गावातले का वाडीवरचे?”

मामीने आईला हे विचारताना आवाज खाली आणला. तो माझ्यासाठी नव्हे. मी त्या दोघींपासून हातभर अंतरावर मिरच्यांची देठं मोडत बसले होते, पण माझ्यासमोर जपून बोलायची गरज आमच्या घरात कुणालाच वाटत नसे. मी बोलत नाही म्हणजे ऐकतही नाही, असा सगळ्यांचा समज झाला होता. आवाज खाली आला तो निर्मलासाठी. निर्मला आमच्या पाठच्या खोलीत राहायची, शहापुरात नर्सिंगचा कोर्स करायची, आणि त्या वेळी मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर धणे भाजत होती. झारा कढईवर घासल्याचा आवाज येत होता आणि मध्येच तिचं शिंकणं. वर्षाच्या मसाल्याचा दिवस होता. मामी दर उन्हाळ्यात त्यासाठी मुरबाडहून पहिल्या एसटीने यायची, कारण आईच्या मते मसाल्याचं प्रमाण फक्त मुरबाडच्या बायकांना कळतं, शहापूरच्या बायका नुसत्या लाल रंगावर जातात. आईचं माहेर मुरबाडचं, हे वेगळं सांगायला नको.

“पवार ते पवार,” आई म्हणाली. “आपल्यापरीस वरचेच म्हण. बसणं-उठणं बग ना तिचं.”

“ते हाय. पण इचारलं नाय तू?”

“काय इचारायचं? चेऱ्यावरनं कळत नाय व्हय?”

मामीला ते पटलेलं दिसलं नाही. तिने एक मिरची उचलली, नखाने चिरली, वास घेतला आणि मागच्या दाराकडे बघत राहिली.

मामीचा प्रश्न आमच्या भागाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. खाली कोकणात वाडी म्हणजे गावाचाच एक भाग, त्यात कुणीही राहतं. आमच्याकडे, शहापूर-मुरबाडच्या बाजूला, गाव म्हणजे शेतीवाल्यांची कौलारू घरं, आणि वाडी म्हणजे गाव संपल्यावर ओढ्यापलीकडे असलेली कातकऱ्यांची नाहीतर ठाकरांची वस्ती. गावाचं नाव दोघांनाही तेच. पत्ता एक, पोस्टमन एक. पवार, जाधव ही आडनावंसुद्धा दोन्हीकडे आहेत. म्हणून आडनाव सांगून झालं तरी माणूस सुटत नाही, हा दुसरा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तरावर तो ओटीवर बसणार की अंगणात, पाणी तांब्यातून की वरून ओतून, हे ठरतं. विचारणाऱ्याने जात विचारलेली नसते. त्याने नुसता पत्ता विचारलेला असतो.

आईने निर्मलाला हा प्रश्न विचारला नव्हता, ही आईची चूक. त्या चुकीमुळे निर्मला आमच्या घरात आठ महिने माणसासारखी राहिली.

ती आली ती गणपतीच्या सुमाराला. पांढरा युनिफॉर्म, कडक इस्त्री, एक पत्र्याची पेटी, आणि केसांना इतकं तेल की वेणी लाकडासारखी दिसत होती. आईने नाव विचारलं, गाव विचारलं. गाव माळशेजच्या पायथ्याचं, मुरबाडच्याही पुढचं. तेवढ्यावरच आई अर्धी विरघळली होती. आईवडील काय करतात म्हटल्यावर निर्मला म्हणाली, बाहेरगावी कामाला असतात, दिवाळीनंतर जातात आणि पावसाच्या तोंडाला येतात. ते वीटभट्टीवर जात. आईने ते कुठल्यातरी कंपनीतलं काम असं ऐकलं. निर्मलाने खोटं सांगितलं नव्हतं. आईला जे ऐकायचं होतं ते आईने ऐकलं, आणि पवार हे आडनाव आपल्या खोलीत राहायला आलं याचा तिला मनातून अभिमान वाटला. आम्ही कुणबी. शेणवे गावाकडे आमची भातशेती, बाबा कल्याणला एका कचेरीत कारकून. आमच्याहून वरचं कोण आणि खालचं कोण याचा हिशोब आमच्या घरात झोपेतसुद्धा चालू असायचा, आणि आईच्या हिशोबात निर्मला वर होती. पहिल्या दिवशी तिला जेवायला बोलावलं तेव्हा आईने माळ्यावरची काचेची ताटं काढली होती.

महिन्याभरात ती खोलीपेक्षा आमच्या स्वयंपाकघरातच जास्त दिसायला लागली. आईला रक्तदाबाचा त्रास होता. निर्मला कॉलेजातलं मशीन शिकायला म्हणून घरी आणायची आणि आईच्या दंडाला पट्टा गुंडाळायची. मशीन फुसफुसत सुटायचं, आई डोळे मिटून बसायची, आणि निर्मला आकडा सांगायची तो दोन-चारने कमीच सांगायची, असं तिने मला नंतर हसत सांगितलं. संध्याकाळी दोघी भाकऱ्या करायच्या. आईची भाकरी थापण्याची लय जड होती, थप, थप, मध्ये थांबून पीठ घेणं, परत थप. निर्मलाची लय जलद, एकसारखी. पुढच्या खोलीत अभ्यास करता करता मला आवाजावरून कळायचं की आत्ता परातीवर कोण बसलंय. भाकऱ्या तांदळाच्या, सोबत सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं. दिवाळीला निर्मला दोन दिवस घरी गेली आणि येताना पिशवीभर करांदे घेऊन आली. जंगलातून खणून काढलेला, कडवट कंद. राखेच्या पाण्यात उकडून, मीठ लावून तिने ते आईसमोर ठेवले. आईने एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाली, आमच्या मुरबाडच्या मातीचा करांदाच वेगळा. तो कुणी खणला असेल, हे तिच्या मनात आलं नाही. करांदे जंगलात जाऊन कोण खणतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मला निर्मला आवडायची. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी ते तिलाही जाणवू दिलं नसेल. मी अकरावीत होते, ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती रात्रीच्या जेवणानंतर माझ्या खोलीत यायची आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकातले इंग्रजी शब्द माझ्याकडून वाचून घ्यायची. मी सांगायचे तसे ती देवनागरीत लिहून ठेवायची, वहीच्या समासात, पेन्सिलीने. माझे उच्चार ऐकून कुणी हसत नाही, उलट लिहून घेतं, हा अनुभव मला नवा होता.

कारण शाळेत उलट होतं. बाबांनी मला शहापुरातल्या इंग्रजी शाळेत घातलं ते हौसेने. तिथे अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, वसाहतीत राहणाऱ्यांची मुलं होती. मी काळी, आणि माझ्या तोंडून चुकून ‘आमी’ आणि ‘हाय’ निघायचं. चौथीत असताना डब्याच्या सुट्टीत एका मुलीने मला विचारलं, तू आदिवासी आहेस का? सगळा बाक हसला. मी घरी येऊन रडले. आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली, बाईंना भेटली, आणि घरी परतताना मला तिने काय उत्तर द्यायचं ते शिकवलं. म्हणाली, त्यांना सांगायचं, आमी कुणबी हाव, आदिवासी नाय. ती मुलं चुकली ती माझ्यावर हसण्यात नव्हे, मला भलत्या खणात टाकण्यात, असं आईचं म्हणणं. मी तसं सांगितलं. कुणाला फरक कळला नाही. त्यानंतर मी बोलणंच कमी केलं, आणि जेवढं बोलायचं तेवढं आधी मनात तपासून बोलायला लागले. पुढे लोक मला शांत, समजूतदार म्हणू लागले.

नववीत इंग्रजीच्या पुस्तकात वर्णभेदावर धडा होता. दूर देशातली एक काळी मुलगी, गोऱ्यांच्या शाळेत जाणारी पहिली, दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसं. तो धडा वाचताना मला रडू आलं. त्यावर मी निबंध लिहिला, सहा पानं. तालुक्याच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. बाबांनी प्रमाणपत्राला काच बसवून ते पुढच्या खोलीत लावलं. त्या निबंधात मी लिहिलं होतं की जे गप्प बसतात तेही दोषी असतात. इंग्रजीत मला हे सगळं कळत होतं. त्या भाषेत माझ्या घरातलं कुणी राहत नव्हतं, त्यामुळे तिथे खरं बोलायला काही किंमत पडत नव्हती.

हे प्रकरणसुद्धा मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. चार पानं झाल्यावर लक्षात आलं की इंग्रजीत मी फार चांगली मुलगी दिसते आहे. ती पानं मी टाकून दिली.

माघात निर्मलाच्या परीक्षेचा फॉर्म आला. तो भरायचा ऑनलाइन, इंग्रजीत, आणि आमच्या गल्लीतले सगळे इंग्रजी फॉर्म माझ्याकडे यायचे. ती कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्या पलंगावर बसली आणि एकेक कागद पुढे करत गेली. दहावीची गुणपत्रिका, आश्रमशाळेचा दाखला, जातीचा दाखला. त्यावर इंग्रजीत कातकरी असं छापलं होतं. मी ते वाचलं आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली. मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. आश्रमशाळा, करांदे, पावसाच्या तोंडाला परतणारे आईवडील, हे सगळं मला आधीच जोडता आलं असतं. मीही आईसारखंच ते जोडलं नव्हतं.

निर्मलाने माझ्याकडे पाहिलं. ती हुशार होती. म्हणाली, “काकींना ठावं हाय ना?”

मी म्हणाले, बहुतेक नाही.

“मग मी सांगते आज. लपवायचं कशाला? नंतर कळलं तर वाईट वाटंल त्यांना.”

तेव्हा मी म्हणाले, तू नको, मी सांगते. मी सांगितलं तर आईला नीट कळेल, असं म्हणाले. हे मी चांगल्या मनाने म्हणाले का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. थोडं चांगल्या मनाने, आणि थोडं त्या संध्याकाळी घरात आरडाओरडा नको म्हणून. निर्मलाची परीक्षा वैशाखात होती. तिची वाडी म्हणजे आधी तासभर चालणं, मग मुरबाडपर्यंत जीप, मग शहापूरची एसटी. सकाळी दहाच्या पेपराला तिथून पोचणं शक्य नव्हतं. वाडीवरची झोपडीही बंद, आईवडील भट्टीवर. हॉस्टेलात जागा नव्हती. वर्ष फुकट गेलं तर बाप परत शिकवणार नाही, त्याने तसं सांगूनच पाठवलं होतं, आणि तिच्यामागे दोन बहिणी होत्या. हे सगळं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, पलंगावर बसून, तक्रारीसारखं नाही, नुसतं सांगायचं म्हणून. मी फॉर्म पूर्ण केला. तिने माझा हात दाबला.

आणि मी आईला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणून नाही सांगितलं, मग आईचं डोकं दुखतंय म्हणून, मग आता इतके दिवस झाले तर आणखी थोडेच राहिलेत म्हणून. आठवड्याने निर्मलाने विचारलं, सांगितलंस का? मी मान डोलावली. हो म्हणाले नाही, मान डोलावली. मी त्यातही बोलणं वाचवलं.

निर्मलाला वाटलं, आईला कळलं आणि आईने मनावर घेतलं नाही. आई पूर्वीसारखीच वागत होती, कशी बदलणार? पण निर्मला बदलली. ती मोकळी झाली. आधी ती माठातलं पाणी मागून घ्यायची, आता स्वतः घ्यायला लागली. आईला काकीऐवजी कधी कधी नुसतं ‘आये’ म्हणायला लागली. एकदा कपडे वाळत घालता घालता मला म्हणाली, “तुजी आई लय मोठ्या मनाची. आमच्याकडं सांगितलं तर खरं नाय वाटणार कुणाला.” मी चिमटे लावत राहिले.

तर त्या मसाल्याच्या दिवशी आईने मामीचा प्रश्न उडवून लावला, पण मामी मुरबाडची होती. थोड्या वेळाने ती पदर खोचून उठली आणि मागच्या अंगणात गेली. मागोमाग आई, आणि मिरच्या भरलेलं सूप घेऊन मी. निर्मला घामाने निथळत होती, ओढणी तोंडाला बांधलेली. मामीने धणे चिमटीत घेतले, चावून पाहिले, चांगले भाजले म्हणाली. मग सहज, अगदी सहज विचारलं, “तुजी वाडी कंची गो?”

गाव विचारलं नाही. वाडीच विचारली. निर्मला सावध असती तर थांबली असती. ती झारा फिरवत होती, तशीच फिरवत राहिली. “डोंगराखालची कातकरवाडी. आमची माणसं येतात की मुरबाडच्या बाजाराला, चिंबोऱ्या घेऊन. तुमी घेतल्या असतीन.” आणि ओढणी खाली करून, हसत, आईकडे बघून म्हणाली, “आयेनं सांगितलं नाय तुमाला?”

आईच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. मी सुपाकडे बघत होते. मला फक्त ऐकू आलं की झारा थांबला, आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास आला.

“धणे जळले,” आई म्हणाली.

निर्मलाने कढई उतरवून आईपुढे धरली, फडक्याने दोन्ही कान पकडून. आई घ्यायला पुढे झाली नाही. “ठेव खाली,” म्हणाली. “तू जा. अब्यास कर जा तुजा.” आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलताना असतो तो आवाज होता. निर्मला आईकडे बघत होती, मग मामीकडे, मग माझ्याकडे. मी देठं मोडत होते. सगळी देठं मोडून झाली होती तरी मोडत होते.

ती खोलीत गेली. आई आणि मामी स्वयंपाकघरात बसल्या आणि दुपारभर तिथे जे चाललं ते मी दाराशी बसून ऐकलं. निर्मलाचा हात कशाकशाला लागला होता त्याची मोजदाद. मामी या विषयातली जाणकार निघाली. माठातलं पाणी ओतून द्यायचं, हे आधी ठरलं. आईने लगेच उठून ते तुळशीला नको म्हणून गटारात ओतलं. भाकरीचा तवा लोखंडाचा, विस्तवावरचा, त्याला काही नाही. परात पितळेची, चिंचेने घासली की झालं. मग लोणच्याची बरणी आली. दहा किलो कैऱ्यांच्या फोडी निर्मलाने केल्या होत्या, मोहरी तिने फेसली होती. दोघी बराच वेळ बरणीकडे बघत बसल्या. शेवटी मामी म्हणाली, “मिठात हाय ना? मिठात काय ऱ्हात नाय.” मग मसाला. मिरच्या निवडलेल्या, हळकुंडं फोडलेली, दगडफूल साफ केलेलं, सगळ्यात तिचा हात. वर्षाचा मसाला. मामी म्हणाली, कोरडं आहे, कोरड्याला बाट नसतो, शिवाय डंकावर कुटला जाणार, तिथे कुणाकुणाचे हात लागतात. फेकायला जड नव्हतं तेवढंच बाटलेलं निघालं. आठ महिने खाल्लेल्या भाकऱ्यांचं काय, हे दोघींपैकी कुणी काढलं नाही. आई मधेच एकदा स्वतःच्या दंडावर हात फिरवत होती, जिथे तो पट्टा गुंडाळला जायचा तिथे. ती पुसत होती की आठवत होती, मला आजही सांगता येत नाही. आई वाईट बाई नव्हती. हे लिहिलं की लोकांना वाटतं मी तिला सोडवते आहे. तिला त्या दुपारी खरंच दुःख झालं होतं, आपलं जवळचं कुणी गेल्यावर होतं तसं, आणि तरी तिने पाणी ओतलं.

मी आता ठाण्याला एका मोठ्या कंपनीत काम करते. तिथे वर्षातून एकदा भेदभावावर तीन तासांचं प्रशिक्षण असतं, चहा-बिस्किटांसह. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्यापैकी कुणी भेदभाव सोसलाय? मी हात वर केला आणि चौथीतली डब्याच्या सुट्टीची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी फार सहानुभूती दाखवली. जेवणाच्या सुट्टीत दोघीजणी येऊन भेटल्या. घरी येताना मला वाटलं, मी पुन्हा तेच केलं. माझ्याकडे त्याहून खरी गोष्ट होती, आणि मी ती निवडली जिच्यात मी सोसणारी होते.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण नंतर सांगायला जागा नाही. निर्मला त्याच संध्याकाळी गेली. पेटी तिने स्वतः डोक्यावर घेतली, रिक्षा नको म्हणाली. वर्गातल्या एका मुलीकडे चार दिवस राहिली, तिथूनही तिला निघावं लागलं असं कानावर आलं. परीक्षेच्या काळात एका संध्याकाळी कॉलेजातली दुसरी मुलगी आमच्याकडे निर्मलाची एक वही मागायला आली, ती सापडली नाही. तिच्या बोलण्यातून कळलं की निर्मला पहिल्या पेपराला उशिरा पोचली, तिला आत घेतलं नाही, आणि नंतरच्या पेपरांना ती आलीच नाही. त्यानंतरचं मला ठाऊक नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं. आजकाल कुणीही सापडतं. मी शोधलेलं नाही. ती भेटली तर मला काय बोलावं लागेल ते मला माहीत आहे, आणि ते आधी इथे लिहून पाहते आहे.

बाबा चारच्या सुमाराला आले. रविवार होता, ते शेणव्याला शेतावर जाऊन आले होते, पायांना माती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला. बाबा सुधारलेले होते. कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर सगळ्या जातींचे लोक बसत, आणि ते त्यांच्या डब्यातलं खात. ते म्हणाले, जातीचं काही नाही, आपण काय जुन्या काळातली माणसं नाही. प्रश्न खोटेपणाचा आहे. आठ महिने आपल्या घरात राहून पोरीने आपल्याला फसवलं, हे बरोबर नाही. आईला हे एकदम पटलं. दुपारपासून पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला. तिला पाणी ओतल्याची लाज वाटत होती, आणि बाबांनी ती लाज काढून तिच्या जागी राग ठेवून दिला. रागाला कारण होतं. मामी म्हणाली, तेच म्हणते मी, जातीचं कोण बोलतंय.

त्यांनी निर्मलाला बोलावलं. ती पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. दुपारभरात तिने तोंड धुऊन, वेणी घालून, युनिफॉर्म घातला होता. रविवारी युनिफॉर्म. घरातल्या कपड्यात उभं राहायचं नव्हतं तिला.

बाबांनी सावकाश विचारलं, कचेरीत अर्जदाराला विचारतात तसं. तू आम्हाला सांगितलं का नाहीस? निर्मला म्हणाली, मला कुणी विचारलं नव्हतं. पण फॉर्म भरायच्या दिवशी मीच सांगणार होते.

“मग सांगितलं का नाय?” आई म्हणाली.

“तुमच्या प्राचीला सांगितलं. कागद तिनंच वाचला. ती म्हणली, मी सांगते आईला. नंतर मी इचारलं, तर हो म्हणली.” ती आईशी बोलत होती. “मला वाटलं तुमाला ठावं हाय. ठावं असून तुमी…” तिने पुढचं वाक्य सोडलं.

मामीने माझ्याकडे पाहिलं, मग आईने, मग बाबांनी. मला वाटतं, त्या घरात माझ्या उत्तरासाठी सगळे थांबलेत असं त्याआधी कधी झालं नव्हतं. बाबा न्यायी माणूस होते. ते म्हणाले, “तिनं सांगितलं असंल आणि तूच ठेवलं असशील, तर पोरीची काय चूक नाय. मग परीक्षा होईस्तो राहील ती इथं. मी बोललो म्हंजे बोललो.” मामी काहीतरी म्हणायला गेली, त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. आई खाली बघत होती. आज मला वाटतं की तिलाही मी हो म्हणावं असंच वाटत होतं, हो म्हटलं असतं तर तिला संध्याकाळी परातीवर एकटीला बसावं लागलं नसतं.

“सांग प्राचे,” बाबा म्हणाले. “तुला ठावं होतं का?”

निर्मला माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती तिच्या चेहऱ्यावर. उलट ती जरा सैल झाली होती, खांदे खाली आले होते, कारण आता गोष्ट माझ्याकडे आली होती आणि तिला माझी खात्री होती. मी उभी राहिले. एवढ्या माणसांसमोर बोलताना मला आधी मनात वाक्य तपासायची सवय, तसं मी ते तपासलं, आणि शाळेतल्यासारख्या स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले, “नाही बाबा, मला तिने काहीच सांगितलं नव्हतं.”